काजळी, पोलाद आणि पासोडी

अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. आपल्या जिल्ह्यात राहून ती ज्यांनी पाहिली नाही असे लोक पुष्कळ आहेत, आणि आम्हीही फार वर्षे त्यांतलेच होतो. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. गीतार्णवासारखा सव्वा लाख ओव्यांचा ग्रंथ लिहिणाऱ्या या पुरुषाने पंचीकरणाचा विषय कागदावर न लिहिता कापडावर लिहिला. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद असे ते कापड. वेदान्ताचा पसारा एका पांघरुणावर मांडलेला! वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तिच्यातील ओव्यांचा विचार केला आहे. आमचे लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीकडे गेले. कागद घडीवर चिरतो, ताडपत्र वाकविले की मोडते, तांब्याचा पत्रा वाकतो पण वाकलेलाच राहतो. कापडाचे तसे नाही. ते गुंडाळावे, उलगडावे, खांद्यावर टाकावे. अक्षर जागच्या जागी राहते.

आज आम्ही ज्या विषयावर लिहावयास बसलो आहो त्याचे नाव ऐकून बीडच्या वाचकाने दचकू नये. कर्बाच्या अतिसूक्ष्म नळ्यांपासून केलेली, कापडासारखी वाकणारी आणि रबरासारखी ताणली जाणारी विद्युत्‌-यंत्रे, असा हा विषय आहे. या नळ्यांना जगभर कार्बन नॅनोट्यूब म्हणतात. आम्ही त्यांना कर्बनलिका म्हणू. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस जाडीने ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर भरतो, आणि एकपदरी कर्बनलिका एक-दोन नॅनोमीटर. आपल्या खिशातील टेलिफोनमध्ये जे यंत्र आहे ते सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेले असते आणि ती चकती काचेसारखी ठिसूळ. म्हणजे आजवरची सारी विद्युत्‌-विद्या ताडपत्रावर लिहिली गेली. ती पासोडीवर कशी लिहावी, हा गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील प्रश्न आहे.

परंतु आमचा धंदा इतिहासाचा. तेव्हा नव्याकडे जाण्याआधी जुन्याची वाट धरणे प्राप्त आहे, आणि ही वाट आपल्या घरावरून जाते.

बीड जिल्हा, जुन्या कागदोपत्री ज्याला ‘भीर’ म्हणत, १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता हे सांगावयास नको. आमच्या आजोबांच्या पिढीने माध्यमिक शाळा उर्दूतून केली. गेवराई, माजलगाव, परळी या तालुक्यांच्या शिवेला लागून वाहणारी गोदावरी पुढे नांदेडावरून तेलंगणात उतरते. तेथे नदीच्या उत्तरेस निर्मळ हे गाव आहे आणि दक्षिणेस काही कोसांवर कोनसमुद्रम्. दोन्ही गावे त्याच निजामी मुलुखातली. या कोनसमुद्रम् गावी एके काळी असे पोलाद होई, की ते घेण्यासाठी इराणचे व्यापारी समुद्र ओलांडून येत. सतराव्या शतकात ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवले आहे, की ज्या पोलादावर पाण्यासारखी नक्षी उमटते ते गोवळकोंड्याच्या राज्यातून येते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी व्हॉयसे नावाचा इंग्रज डॉक्टर त्या गावी गेला. त्याने केलेले वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. त्याला तेथे इस्फहानचा हाजी हुसेन नावाचा एक व्यापारी भेटला. तो पोलादाच्या खरेदीसाठी आलेला होता. इस्फहान कोठे आणि कोनसमुद्रम् कोठे! माल तसाच असल्याखेरीज कोणी एवढी पायपीट करीत नाही.

कृती अशी. दोन निरनिराळ्या ठिकाणचे लोखंड मिसळून मातीच्या मुशीत घालावयाचे, मूस बंद करावयाची, आणि भात्यावरचे लोक पाळीपाळीने बदलीत अहोरात्र आच द्यावयाची. मग ती हळूहळू निवू द्यावयाची. मूस फोडली की आत पोलादाचा लहानसा गड्डा मिळे. याच पोलादाला इंग्रजांनी ‘वूट्झ’ म्हटले. कानडी-तेलुगूतील ‘उक्कु’ या शब्दाचा तो अपभ्रंश असावा असे मानतात. दक्षिणेकडे म्हैसूर, सेलम या भागांत मुशीमध्ये लोखंडाबरोबर काही झाडपालाही घालीत, आणि त्या काळच्या इंग्रज प्रवाशांनी त्याची नावे नमूद केली आहेत. ती वाचून आम्ही क्षणभर थांबलो. एक होते तरवडाचे लाकूड आणि दुसरी रुईची पाने. तरवड आणि रुई! आपल्या बालाघाटाच्या माळावर ज्याला कोणी विचारीत नाही, शेळीही ज्या रुईला तोंड लावीत नाही, तीच ही झाडे. त्यांच्यातून लोखंडाला कर्ब मिळे. आणि कर्ब मिळाल्यावाचून लोखंडाचे पोलाद होत नाही.

मुंबईचे डॉक्टर हेलिनस स्कॉट यांनी १७९४ साली या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. पुढल्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. त्याच्या मथळ्यात ते पोलाद मुंबईतच तयार होते असे म्हटले आहे. मुंबईहून पेटी आली म्हणून माल मुंबईचा! कोनसमुद्रम्‌च्या लोहारांचे नाव पेटीवर नव्हते. ते पुढेही कोठे आले नाही. नंतर मायकेल फॅरडेसारखा पुरुष, जो विजेच्या शोधांसाठी जगाला ठाऊक आहे, तरुणपणी स्टोडार्ट या हत्यारवाल्याच्या साह्याने याच पोलादाचे रहस्य शोधीत बसला होता. ते त्याला उलगडले नाही. एकोणिसावे शतक सरता सरता कारखान्यांचे स्वस्त पोलाद आले आणि मुशी थंडावल्या. अमेरिकेत व्हर्हूव्हन हे धातुशास्त्रज्ञ आणि पेंड्रे हे लोहार यांनी १९९० च्या दशकात दाखविले, की ती नक्षी उमटण्यास लोखंडात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अगदी अल्प अंश असावा लागतो. विशिष्ट खाणीचे दगड संपले की कसबी लोहाराच्या हातूनही ती नक्षी उमटेना, आणि का उमटत नाही हे त्याला कळेना, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्हांला ही कल्पना फार करुण वाटते. बापाने शिकविलेली कृती तीच, हात तेच, आणि मुशीतून निघते ते साधे पोलाद.

आता २००६ साल. जर्मनीत ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातील पाउफ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतराव्या शतकातील एका तरवारीचा तुकडा तपासला. तरवार असद उल्ला या इराणी कारागिराच्या नावाची, स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या संग्रहालयात असलेली. तुकडा हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवला, लोखंड विरघळले, आणि जे विरघळले नाही ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले. तेथे कर्बनलिका दिसल्या. काहींच्या पोटात लोह-कर्बाच्या बारीक तारा होत्या. ‘नेचर’ या नियतकालिकात हे वृत्त आले आणि आपल्याकडे एकच गजर झाला: आमच्या पूर्वजांना नॅनो-तंत्र ठाऊक होते!

या ठिकाणी आम्हांला थोडे थांबले पाहिजे, कारण याच प्रश्नावर एका व्याख्यानानंतर एका वयोवृद्ध श्रोत्यांनी आम्हांला फैलावर घेतले होते. “तुम्ही इतिहासवाले आपले असले की लगेच किंतु काढता,” असे ते म्हणाले. त्यांचा राग खोटा नव्हता. ज्या मुलुखाला सदैव मागासलेला म्हणून हिणवले गेले त्यातील माणसाला असा एखादा पुरावा हाती लागला तर तो घट्ट धरून ठेवावासा वाटणार. आणि अगदी अलीकडे, २०२० मध्ये, मदुरैजवळच्या कीळडी येथील उत्खननात निघालेल्या, ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या म्हणून सांगितलेल्या खापरांच्या काळ्या लेपातही कर्बनलिका आढळल्याचे तमिळनाडूतील संशोधकांनी प्रसिद्ध केले आहे. म्हणजे पुरावा एकाच तरवारीचा नाही.

तरीही आमचा किंतु कायम आहे. एक तर एका पात्याच्या एका तुकड्यावरून सर्व वूट्झ पोलादाबद्दल बोलता येत नाही, आणि पात्याची धार या नलिकांमुळेच होती असेही सिद्ध झालेले नाही. दुसरे असे की लोखंड, कर्बयुक्त वायू आणि पुरेशी उष्णता ही तीन एकत्र आली की नलिका आपोआप उपजू शकतात. साध्या ज्वालांच्या काजळीतही तुरळक नलिका आढळल्या आहेत. पदार्थ हाताखालून जाणे निराळे आणि तो ओळखणे निराळे. दह्याचे विरजण लावणाऱ्या आपल्या आज्यांना जंतुशास्त्र ठाऊक होते असे आपण म्हणत नाही. त्यांना विरजण ठाऊक होते, आणि ते ज्ञान कमी प्रतीचे होते असेही नाही. लोहाराला मूस ठाऊक होती, आच ठाऊक होती, निवण्याचा वेळ ठाऊक होता. त्याच्या कसबाचा मान त्याला त्याच्याच नावाने द्यावा. त्याच्या मुशीत आपले शब्द कोंबले, की त्याने खरोखर काय केले ते शोधण्याची गरजच कोणाला उरत नाही. ते वृद्ध गृहस्थ यावर पूर्ण समाधान पावले असे आम्ही म्हणणार नाही.

मग या नलिका ओळखल्या कोणी? पाठ्यपुस्तकातील उत्तर सरळ आहे: जपानचे सुमिओ इजिमा, १९९१. इजिमा त्सुकुबा येथे एन.ई.सी. कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. १९८५ साली क्रोटो, स्मॉली आणि कर्ल यांनी साठ कर्ब-अणूंचा चेंडूसारखा रेणू शोधला होता (त्याबद्दल त्यांना १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले), आणि जो तो कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पाडून काजळी गोळा करीत होता. सर्वांनी काजळी पाहिली. इजिमांनी कांडीच्या टोकावर साचलेला गाळ पाहिला. त्यात एकात एक बसविलेल्या, पोकळ, सुईसारख्या नळ्या होत्या. दोन वर्षांनी, १९९३ मध्ये, इजिमा व इचिहाशी यांनी जपानात आणि बेथ्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत, एकाच वेळी, एकपदरी नलिका मिळविल्या. त्याच वर्षी अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील विनायक द्रविड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नळ्या कशा वाढतात यावर ‘सायन्स’मध्ये निबंध लिहिला. हे द्रविड मुंबईच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी.

पण हे उत्तर अपुरे आहे. १९५२ साली रादुश्केविच आणि लुक्यानोविच या दोघा रशियन शास्त्रज्ञांनी तापलेल्या लोखंडावरून कर्बाचा वायू, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, जाऊ दिला आणि जी काजळी जमली तिची सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेतली. सुमारे पन्नास नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या त्यांत स्पष्ट दिसतात. निबंध रशियन भाषेत, सोव्हिएट देशाच्या भौतिक रसायनाच्या नियतकालिकात. शीतयुद्धाचे दिवस, तिकडचे नियतकालिक इकडे कोण वाचणार? १९७६ मध्ये एंडो या जपानी संशोधकाने फ्रान्समध्ये ओबर्लिन यांच्याबरोबर काम करून अशाच नळ्या दाखविल्या. त्याकडेही फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २००६ मध्ये, म्हणजे त्या तरवारीच्याच वर्षी, ‘कार्बन’ या नियतकालिकाच्या संपादकीयात या रशियन निबंधाची आठवण जगाला करून देण्यात आली. मराठीत लिहिणाऱ्या आम्हांला ही हकीगत विशेष लागते. ज्या भाषेचे वाचक थोडे, तिच्यात लागलेला शोध लागला असे जग मानीत नाही. कोनसमुद्रम्‌च्या लोहाराजवळ तर नियतकालिकही नव्हते.

आणि येथेही लोखंडच आहे हे वाचकांनी लक्षात घ्यावे. मुशीत लोखंड, रशियनांच्या भट्टीत लोखंड. कर्बनलिकेच्या जन्माला लोखंडासारख्या धातूचा सूक्ष्म कण लागतो. तो सुइणीचे काम करतो. त्याच्या अंगावर कर्ब साचतो आणि नळीच्या रूपाने बाहेर वाढत जातो.

या नळीत एवढे विशेष काय? एक चटई घ्या. ती सरळ गुंडाळली तर विणीच्या रेघा काठाला काठ जुळून येतात. थोडी तिरपी गुंडाळली तर रेघा मळसूत्रासारख्या फिरतात. कर्बाचे अणू षट्कोनांच्या विणीने बसलेले असतात, मधमाशांच्या पोळ्यासारखे. अशा एका पदराची सुरळी केली की नलिका झाली. सुरळी कोणत्या तिरपेपणाने वळली आहे यावर ती नळी तांब्यासारखी वीज वाहून नेणार की सिलिकॉनसारखी अर्धवाहक होणार हे ठरते. १९९२ मध्ये जपानात आणि अमेरिकेत गणिताने हे भाकीत केले गेले आणि ते खरे ठरले. सर्व प्रकारच्या नळ्या मिसळून आल्या तर साधारण तिसरा हिस्सा धातूच्या स्वभावाचा निघतो आणि दोन हिस्से अर्धवाहक. पदार्थ एकच, फक्त वळण्यात फरक, आणि स्वभाव पालटला! १९९८ साली हॉलंडमध्ये डेक्कर यांच्या आणि अमेरिकेत आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत एकेका नळीचा ट्रान्झिस्टर झाला. अडचण अशी की मिसळ निवडावी कशी. गहू आणि खडे निवडणे सोपे. येथे खडाही गव्हासारखाच दिसतो. या निवडीत पुढली वीस वर्षे गेली. ती हकीगत रसायनशास्त्रज्ञांना गोड वाटते. आम्ही ती सोडून देतो.

कापसाच्या आमच्या जिल्ह्याला दुसरी एक हकीगत अधिक रुचेल. २००२ मध्ये पेकिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात फान आणि त्यांचे सहकारी दाट उगवलेल्या नलिकांच्या गवतातून एक पुंजका चिमट्याने ओढीत होते. पुंजका तुटून हाती यावयाचा, तो न तुटता धागा होऊन लांबत गेला. रेशमाच्या कोषातून तार निघावी तसा, असे त्यांनीच म्हटले आहे. २००४ मध्ये टेक्ससमधील बॉमन आणि ऑस्ट्रेलियातील ॲटकिन्सन यांनी त्या धाग्याला ओढता ओढता पीळ दिला आणि मजबूत सूत काढले. ॲटकिन्सन लोकरीच्या कामातले. पेळूतून सूत निघते ते पिळामुळे, हे चरख्यावर बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे. जगातील सर्वांत नव्या पदार्थाला माणसाच्या जवळजवळ सर्वांत जुन्या कसबाने वळविले, आणि निबंधाच्या मथळ्यातच त्यांनी तसे नमूद केले. हा प्रामाणिकपणा आम्हांला आवडला.

आता ताणण्याचे. तांब्याची तार वाकते पण रबरासारखी ताणली तर तुटते. मग कर्बनलिकांची पट्टी का तुटत नाही? एकेक नळी फारशी ताणली जातच नाही. पण लाखो नळ्यांचे जाळे सुंभाच्या बाजेसारखे असते. बाजेवर माणूस बसला की सुंभ लांबत नाही. वीण सरकते, झोळ पडतो, आणि दोरी दोरीला धरून राहते. नलिका एकमेकींवरून सरकतात, सरळ होतात, पण स्पर्श सोडीत नाहीत. म्हणून विजेची वाट चालू राहते. २००८ साली तोकिओ विद्यापीठात सेकितानी आणि सोमेया यांनी एकपदरी नलिका एका विशिष्ट द्रवात कालवून त्या रबरासारख्या पदार्थात समरस केल्या. वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत नलिका घालूनही रबराचा मऊपणा गेला नाही, आणि पट्टी आपल्या लांबीच्या १३४ टक्के अधिक ताणली तरी वीज वाहत राहिली. त्यांनी वीस सेंटिमीटर लांब-रुंद अशी ट्रान्झिस्टरांची चादर केली, जी सर्व बाजूंनी सत्तर टक्क्यांपर्यंत ताणता येई. आमच्या मते या विषयाचा खरा आरंभ येथे होतो, कारण येथे पहिल्याने केवळ पट्टी नव्हे तर एक पूर्ण चादर काम करू लागली.

२०११ मध्ये दोन गोष्टी झाल्या. अमेरिकेत स्टॅनफर्डला झेनान बाओ यांच्या प्रयोगशाळेत नलिकांचा फवारा रबरावर मारला. ते रबर एकदा ताणून सोडले की नळ्या लाटांसारख्या, स्प्रिंगसारख्या मुडपतात, आणि पुढे कितीदाही ताणले तरी त्या लाटाच उलगडतात. त्यातून दाब ओळखणारी पारदर्शक कातडी झाली. जपानात यामादा आणि हाता यांनी रांगेने मांडलेल्या नलिकांची अशी पट्टी केली, की ती २८० टक्के ताणली तरी ताणाचे माप देते. ती त्यांनी मोज्यांवर, हातमोज्यांवर, पट्ट्यांवर बसविली. गुडघा किती वाकला, बोट कसे हलले, श्वास कसा चालला, हे पट्टी सांगू लागली. २०१९ मध्ये अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये शुलाकर यांनी चौदा हजारांहून अधिक नलिका-ट्रान्झिस्टरांचा संगणक-मेंदू केला. पण तो कठीण चकतीवर होता, ताणणारा नव्हे. ताणणाऱ्या यंत्रांना ती मजल गाठण्यास वेळ लागला. २०२४ मध्ये बाओ यांच्याच गटाने निवडक अर्धवाहक नलिकांचे, हजारांहून अधिक ट्रान्झिस्टरांचे ताणणारे मंडल प्रसिद्ध केले, आणि त्याचबरोबर दर चौरस सेंटिमीटरला अडीच हजार स्पर्शबिंदू असलेली एक कातडी. तिच्याकडून त्यांनी काय करविले? आंधळ्यांची ब्रेल लिपी वाचविली. अंबाजोगाईच्या पासोडीपुढे उभे असताना आम्हांला ही कातडी आठवली होती, हे येथे कबूल करतो.

आपल्या प्रांताचाही यात भाग आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये महेश्वर शरण यांनी झाडांपासून मिळणाऱ्या पदार्थांचा कर्ब करण्याचे काम पुष्कळ वर्षे केले. पुढे त्यांनी कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयातही अशाच संशोधनाला हात घातला. त्यांचे विद्यार्थी मुकुल कुमार जपानात नागोयाच्या मेइजो विद्यापीठात गेले आणि आंडो यांच्याबरोबर २००३ मध्ये त्यांनी कापरापासून नलिकांची दाट, उभी रांग उगवून दाखविली. होय, आरतीचा कापूर! त्याची वाफ, तिच्यात लोखंडाचा अंश पुरविणारे फेरोसीन, आणि सुमारे ९०० अंशांची भट्टी. पुन्हा लोखंड आलेच. परळीच्या वैजनाथाच्या भाविकांनी आरतीच्या तबकावरील काजळी मात्र यासाठी खरवडू नये. उघड्या ज्योतीत कापूर जळून जो कर्ब उरतो तो बहुतेक नुसता भुगा असतो; नलिकांची रांग उगवण्यास हवा बाहेर ठेवून वाफ आवरावी लागते. त्याच परळीत १९७१ पासून औष्णिक विद्युत्-केंद्र आहे, आणि कर्ब जाळून वीज करणे म्हणजे काय, तिची राख कोठे बसते, हे तेथील लोकांस कोणी शिकविण्याची जरुरी नाही.

राखेवरून आठवले. या नलिका निरुपद्रवी आहेत असे समजू नये. २००८ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले, की लांब, ताठ, अनेकपदरी नलिका पोटाच्या पातळ आवरणात ॲस्बेस्टॉससारखाच दाह उत्पन्न करतात. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये अशा नलिकांच्या एका प्रकाराला माणसात कर्करोगाचा संभव असलेल्या पदार्थांत घातले. रबरात पक्क्या बसविलेल्या नलिकेचे भय थोडे. भय आहे ते सुटी पूड हाताळणाऱ्या कामगाराला, आणि यंत्र मोडीत निघाल्यावर ते जाळणाऱ्याला. मोडीचा माल कोणत्या देशांत, कोणत्या वस्त्यांत जातो हे आपण जाणतो.

शेवटी ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय बीडमध्ये काढला ती सांगतो. दर वर्षी पावसाळा सरला की आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. उचल घेतलेली असते, टोळी ठरलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढविते, पहाटेपासून, महिनोन् महिने. या बायांच्या शरीराचा हिशेब कोणी ठेवला? २०१९ मध्ये त्यांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, तेव्हा राज्य सरकारने समिती नेमली आणि मोजणी झाली; म्हणजे अपाय होऊन गेल्यावर. मान, कंबर, गुडघे यांवर दिवसाकाठी किती ताण येतो हे प्रयोगशाळेतील जड यंत्राने मोजावयाचे तर ते यंत्र उसाच्या फडात नेता येत नाही. मोज्यावर चिकटविलेली रबराची पट्टी नेता येते. ती घामाने, चिखलाने, वाकण्याने सहज मोडणार नाही अशी करणे हेच तर या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन आहे. अशी पट्टी आज आपल्या फडात नाही. पण ती येणे अशक्य राहिलेले नाही.

हे आम्ही एका गावी बोललो तेव्हा मागल्या रांगेतून एक बाई उठल्या. त्या स्वतः बारा हंगाम तोडीला गेलेल्या होत्या. त्यांनी विचारले, “दादा, पट्टी बांधा. पण तिचा आकडा मुकादमाच्या वहीत जाईल की दवाखान्यात?” सभा हसली. बाई हसल्या नाहीत. आम्हांलाही उत्तर देता आले नाही, आणि अध्यक्षांनी पुढला प्रश्न घेतला.